मुक्ती मंडळी, केडगाव : दुष्काळातून उभी राहिलेली उपासना

पुणे-दौंड लोहमार्गावर यवत, खुटबाव आणि त्यानंतर केडगाव अशी स्थानके लागतात. सोलापूर रस्त्याने येणाऱ्यांना यवतच्या पुढे चौफुल्याला केडगावचा फाटा मिळतो. या पंचक्रोशीत भक्तीच्या अनेक वाटा एकत्र नांदतात. यवतला दरवर्षी तुकोबांच्या पालखीचा मुक्काम असतो आणि वारकऱ्यांना पिठलं-भाकरीचे जेवण मिळते. केडगावच्या बेटात नारायण महाराजांचे दत्तस्थान आहे. त्याच केडगावात पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून वाचवलेल्या मुली आणल्या, त्यांना घर दिले आणि त्यांच्यासाठी दगडी उपासनामंदिर उभारले. त्या मंदिराच्या पायाभरणीला सव्वाशे वर्षे होऊन गेली. त्या निमित्ताने मंडळीच्या वाटचालीचा हा आढावा.

हा आढावा लिहिताना एक गोष्ट सतत जाणवली. ही मंडळी कोणा धनिकाच्या देणगीतून किंवा सरकारी आश्रयातून जन्मली नाही. ज्यांना कोणी नव्हते अशा बायकामुलींनी ती घडवली. त्यांनी शेत कसले, विणकाम केले, अक्षरे जुळवली आणि याच कामांच्या बरोबरीने प्रार्थना केली. म्हणून येथील सणांचा इतिहास आणि रोजच्या कष्टांचा इतिहास वेगवेगळा सांगता येत नाही.

पूर्वपीठिका (1889 ते 1895)

मंडळीची मुळे मुंबईत सापडतात. 11 मार्च 1889 रोजी गिरगाव चौपाटीजवळ रमाबाईंनी शारदा सदन उघडले. उद्घाटनाच्या अध्यक्षस्थानी काशीबाई कानिटकर होत्या. उच्चवर्णीय विधवांना शिक्षण देऊन स्वतःच्या पायावर उभे करणे हा सदनाचा हेतू होता. त्यासाठी अमेरिकेतील बोस्टन येथे 1887 साली स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे आर्थिक मदत देण्याचे मान्य केले होते. 1890 साली सदन पुण्यात आले. सुरुवातीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. 1893 साली त्यांचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. आनंदीबाई अथवा बाया कर्वे म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो.

रमाबाईंचा स्वतःचा प्रवास विलक्षण होता. अनंतशास्त्री डोंगरे आणि लक्ष्मीबाई यांच्या पोटी 1858 साली त्यांचा जन्म झाला. आईने त्यांना संस्कृत शिकवले. तीर्थयात्रा आणि पुराणे सांगत हिंडणाऱ्या या कुटुंबाची दुष्काळात वाताहत झाली. आई, वडील आणि थोरली बहीण उपासमारीने गेली. पुढे कलकत्त्याच्या पंडितसभेने रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह, कन्या मनोरमेचा जन्म आणि अल्पावधीतच वैधव्य, हे सारे दोन वर्षांत घडले. 1882 साली पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी वॉन्टेज येथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

पुण्यातील काळात सदनाच्या धोरणाविषयी समाजात बरीच चर्चा झाली आणि काही सहकाऱ्यांचे मार्ग वेगळे झाले. स्त्रीशिक्षणाचे काम मात्र दोन्हीकडे चालू राहिले, हे आज कृतज्ञतेने नमूद करावेसे वाटते. बोस्टनची मदत दहा वर्षांचीच असल्याने सदनाला कायमचे उत्पन्न हवे होते. म्हणून रमाबाईंनी केडगावात रेल्वे स्थानकाजवळ सुमारे 100 एकर माळरान घेतले, विहिरी खोदल्या आणि आंबा, संत्री, लिंबू यांची लागवड केली. त्या वेळी तेथे वस्ती करायचा किंवा मंदिर बांधायचा बेत नव्हता. तो काळाने घडवून आणला.

पहिले दशक (1896 ते 1905) : झोपड्या, मंदिर आणि जागृती

1896 साली पाऊस पडला नाही. मध्य प्रांतातील दुष्काळाच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा रमाबाईंना आपले बालपण आठवले. त्या तिकडे गेल्या आणि मदतकेंद्रांवर, रस्त्याकडेला, देवळांच्या आवारात निराधार पडलेल्या मुली आणि तरुण विधवांना घेऊन आल्या. 300 जणींना आश्रय द्यायचा असा त्यांचा संकल्प होता. मुलींची पहिली सोय पुण्यात झाली. परंतु 1897 साली शहरात प्लेगची साथ पसरली आणि दुष्काळग्रस्तांना शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा सगळा मेळा केडगावच्या शेतावर आला. तंबू ठोकले गेले, गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. अशा रीतीने मुक्ती सदन सुरू झाले.

या पहिल्या वस्तीत उपासनेसाठी वेगळी जागा नव्हती. झाडाखाली किंवा झोपडीच्या आडोशाला सतरंजी टाकायची आणि सर्वांनी बसायचे. त्याच वर्षाच्या अखेरीस शंभरावर मुलींचा बाप्तिस्मा भीमा नदीत झाला. केडगावातून बैलगाड्या जुंपल्या गेल्या आणि गाणी म्हणत मुली नदीवर गेल्या. मंडळीच्या इतिहासातील हा पहिला मोठा सार्वजनिक प्रसंग होय. ज्या मुली काही महिन्यांपूर्वी चालण्याच्या स्थितीत नव्हत्या, त्या आता गाडीत बसून मोठ्याने गात होत्या.

1898 साली रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या. शारदा सदनाची व्यवस्था त्या काळात सुंदराबाई पवार आणि इतर भगिनींनी सांभाळली. याच वर्षी मिनी अब्राम्स या अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी केडगावात दाखल झाल्या. शारदा सदन धर्मनिरपेक्ष राहिले आणि मुक्ती सदन ख्रिस्ती संस्था म्हणून स्वतंत्रपणे चालू लागले. त्याला ठरावीक वर्गणी नव्हती. प्रार्थनेवर आणि स्वेच्छेने आलेल्या देणग्यांवर त्याचा सारा भार होता.

1899 साली उपासनामंदिराचा पायाचा दगड बसला. त्याच वर्षी पावसाने पुन्हा दगा दिला आणि पश्चिम हिंदुस्थानात आणखी मोठा दुष्काळ पडला. त्याची सर्वाधिक झळ गुजरातला बसली. गुजरात आणि राजपुतान्याकडून मुलींचे जथे येऊ लागले. 1900 च्या सुमारास केडगावातील लोकसंख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली. एवढ्या माणसांना दोन वेळ भाकरी आणि पुरेसे पाणी मिळवणे हेच रोजचे आव्हान होते. विहिरींनी तळ गाठला होता. अशा वर्षात मंदिराचे बांधकाम थांबले असते तरी कोणी बोल लावला नसता. पण काम चालू राहिले, कारण दोन हजार माणसांनी एकत्र बसावे अशी जागा गावात दुसरी नव्हती आणि बांधकामामुळे हातांना कामही मिळत होते.

मंदिर बांधले ते प्रशस्त आणि साधे. आत बाकांच्या रांगा नाहीत. मंडळी मांडी घालून जमिनीवर बसते. रमाबाईंना उपासनेचा बाज या मातीतला हवा होता. मुलींनी साडी नेसावी, जेवण साधे शाकाहारी असावे, गाणी मराठी चालींत असावीत असा त्यांचा आग्रह होता. त्या स्वतः अखेरपर्यंत पांढऱ्या साडीत आणि शाकाहारी राहिल्या. महाराष्ट्रातील ख्रिस्ती उपासना आपल्या भाषेत आणि आपल्या सुरांत व्हावी यासाठी याच काळात नारायण वामन टिळक अहमदनगरकडे झटत होते. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक मानत. केडगावच्या मंदिरात टाळ आणि ढोलकीच्या साथीने भजने रंगू लागली, त्यामागे असा विचार होता.

मुक्ती वाढली तशा तिच्या शाखाही वाढल्या. पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्ध आणि दुर्बल स्त्रियांसाठी प्रीती सदन, अंध भगिनींसाठी बार्तीमी सदन, मुलांसाठी सदानंद सदन अशी घरे सुरू झाली. पुढे शारदा सदनही केडगावला आले. मनोरमाबाई परदेशी ब्रेल लिपी शिकून आल्या आणि अंध भगिनी बोटांनी वाचू लागल्या. शाळा, विणकाम, शिवण, दूधदुभते, तेलघाणा, धुलाई, शेती अशा कामांत प्रत्येकीचा वाटा ठरलेला होता. दिवसाची सुरुवात आणि शेवट मात्र सर्वांचा एकत्र, मंदिरात होत असे.

1905 साल हे मंडळीच्या आत्मिक इतिहासातील मानाचे पान आहे. वेल्समधील जागृतीच्या बातम्या येऊन पोहोचल्या होत्या. खासी टेकड्यांतूनही तशाच वार्ता येत होत्या. जानेवारीपासून रमाबाईंनी पहाटेची प्रार्थना सुरू केली. आरंभी सुमारे 70 जणी जमत. जूनपर्यंत ही संख्या 550 झाली आणि प्रार्थना दिवसातून दोनदा होऊ लागली. 29 जून 1905 च्या पहाटे मुलींच्या निवासात जागृतीला सुरुवात झाली. पश्चात्ताप, अश्रू, मोठ्याने एकाच वेळी केलेली प्रार्थना आणि त्यानंतरचा अवर्णनीय आनंद असे तिचे स्वरूप होते. वर्गातील धडे थांबले आणि अख्खे आवार प्रार्थनेने दुमदुमले. दौंडला मुलांचे आश्रमगृह चालवणारे अल्बर्ट नॉर्टन यांच्यासारखे शेजारी हे पाहायला आले आणि भारावून गेले.

दुसरे दशक (1906 ते 1915) : गावोगावची साक्ष आणि छापखाना

जागृतीचा ओघ मंदिराच्या भिंतींत राहिला नाही. मुलींचे गट आसपासच्या खेड्यांत साक्ष द्यायला जाऊ लागले. ज्यांना समाजाने दाराबाहेर काढले होते, त्या आता चावडीसमोर उभ्या राहून बोलत होत्या. मिनी अब्राम्स यांनी 1906 साली केडगावच्या अनुभवावर एक पुस्तिका लिहिली. तिची एक प्रत दक्षिण अमेरिकेतील चिली देशात, वाल्पाराईसो येथे पाळक विलिस हूव्हर यांच्या घरी पोहोचली. हूव्हर यांच्या पत्नी आणि अब्राम्स शिकागोतील प्रशिक्षणशाळेत सहाध्यायी होत्या. त्या पुस्तिकेने चिलीतील मंडळी प्रार्थनेला लागली आणि 1909 साली तेथे मोठी चळवळ उभी राहिली. आज त्या देशात लाखो लोक त्या परंपरेत उपासना करतात. केडगावच्या मुलींच्या पहाटेच्या प्रार्थनेचे पडसाद इतक्या दूरवर उमटले, याचा मंडळीला रास्त अभिमान आहे.

1907 साली रमाबाईंचे आत्मनिवेदन प्रसिद्ध झाले. मराठीत ते ‘माझी साक्ष’ या नावाने परिचित आहे. परंतु या दशकातील त्यांचे खरे व्रत होते बायबलच्या भाषांतराचे. मराठीत नव्या कराराचे पहिले मुद्रित भाषांतर श्रीरामपूरच्या मिशनरींनी 1811 साली काढले होते आणि पुढे त्यात सुधारणाही होत गेल्या. पण खेड्यातील बाईला ती भाषा जड जाई, असा रमाबाईंचा अनुभव होता. म्हणून मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून सोप्या मराठीत संपूर्ण बायबल आणायचे त्यांनी ठरवले. वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर हाती घेतलेले हे काम त्यांनी अखेरपर्यंत केले. एका स्त्रीने मूळ भाषांतून संपूर्ण बायबलचे भाषांतर केल्याची उदाहरणे जगात फारच थोडी आहेत.

हे बायबल केडगावातच छापले गेले आणि छापणाऱ्या स्त्रिया मुक्तीच्याच होत्या. त्या कामाचे मोल कळण्यासाठी हाताने खिळे जुळवणे म्हणजे काय हे नव्या पिढीला सांगायला हवे. देवनागरीच्या खणांत मूळ अक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे यांचे शेकडो खिळे वेगवेगळ्या घरांत असतात. जुळारी उभी राहून एकेक खिळा उचलते आणि हातातल्या पट्टीत ओळ बसवते. अक्षरे आरशातल्यासारखी उलटी दिसतात, ती तशीच वाचावी लागतात. ओळ भरली की पान, पान भरले की दोराने बांधून त्याचा कच्चा ठसा. मग त्यावरील चुका पाहून चिमट्याने चुकीचा खिळा काढायचा, बरोबर बसवायचा, पुन्हा ठसा घ्यायचा. छापून झालेले फर्मे घडी घालून, शिवून, बांधून पुस्तक होते. अखेरीस खिळे धुऊन परत ज्याच्या त्याच्या घरात टाकायचे, कारण पुढच्या पानांना तेच लागतात. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंतची सर्व पाने अशी हातांखालून गेली. त्यांतील अनेक हात दुष्काळात आलेल्या मुलींचे होते, ज्यांना येथे येण्यापूर्वी अक्षरओळखही नव्हती.

तिसरे दशक (1916 ते 1925) : वियोग आणि पूर्तता

पहिले महायुद्ध, महागाई आणि 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ यांतून संस्था गेली. 1919 साली सरकारने रमाबाईंना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. आईचा भार मनोरमाबाई वाहत होत्या. शाळा, अंध भगिनी, पत्रव्यवहार, पाहुणे या साऱ्यांत त्या होत्या आणि गुलबर्गा येथील शिक्षणकार्यही त्यांनी उभारले होते. 24 जुलै 1921 रोजी अवघ्या चाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. मुक्तीची पुढची धुरा ज्यांच्याकडे जायची, त्याच निघून गेल्या.

रमाबाईंनी दुःख गिळून भाषांतराची शेवटची पाने तपासली. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. तो उपवासकाळातील बुधवार होता आणि झावळ्यांचा रविवार चार दिवसांवर आला होता. त्या वर्षी मंडळीने दुःखसप्ताह आणि पुनरुत्थानाचा सण आपल्या आईच्या ताज्या आठवणीसह पाळला. छापखाना थांबला नाही. 1924 साली संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले. ज्यांनी ते पूर्ण केले त्या सर्व भगिनींना मंडळीचे शतशः वंदन.

1926 ते 1950 : सातत्याची वर्षे

रमाबाईंच्या पश्चात लिसा हेस्टी यांनी सहकाऱ्यांसह कामाची सूत्रे सांभाळली. संस्थापकांच्या निधनानंतर अनेक संस्था कोलमडतात. मुक्ती टिकली, कारण तिची बांधणी एकाच व्यक्तीभोवती झालेली नव्हती. प्रत्येक घराला एक आई आणि प्रत्येक कामाला एक जबाबदार भगिनी होती. दुष्काळात आलेल्या मुली आता प्रौढ झाल्या होत्या. कोणी शिक्षिका, कोणी परिचारिका, कोणी बायबल भगिनी म्हणून सेवा करत होत्या. कोणाचे विवाह झाले आणि केडगाव परिसरात संसार उभे राहिले.

जागतिक मंदी, दुसरे महायुद्ध आणि रेशनिंगच्या काळात परदेशातून येणारी मदत अनिश्चित झाली. शेत आणि गोठा यांचा आधार तेव्हा मोलाचा ठरला. 1947 साली देश स्वतंत्र झाला. काँग्रेसच्या 1889 सालच्या मुंबई अधिवेशनात ज्या मोजक्या स्त्रिया प्रतिनिधी म्हणून बसल्या, त्यांत रमाबाई होत्या. त्यांच्या मंडळीने स्वातंत्र्याचे स्वागत घरच्या कार्यासारखे केले असल्यास नवल नाही.

1951 ते 1975 : नव्या महाराष्ट्रात

1958 साली रमाबाईंच्या जन्माला शंभर वर्षे झाली. 1960 साली संयुक्त महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी देवदत्त नारायण टिळकांचे ‘महाराष्ट्राची तेजस्विनी पंडिता रमाबाई’ हे चरित्र आले. मराठी वाचकांना रमाबाईंची नव्याने ओळख करून देण्यात या ग्रंथाचा मोठा वाटा आहे. 

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे अनेक पंथांच्या एकीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. मुक्तीचे स्वरूप आरंभापासूनच सर्वपंथीय होते. येथे मेथडिस्ट, अँग्लिकन, बॅप्टिस्ट, अलायन्स अशा निरनिराळ्या परंपरांतून आलेल्यांनी एकत्र उपासना केली होती आणि हीच ओळख पुढेही जपली गेली.

1972 च्या दुष्काळाने दौंड, शिरूर, बारामती या पट्ट्याला पुन्हा हादरवले. रस्त्यांची आणि पाझर तलावांची कामे निघाली, सुकडीचे वाटप झाले. दुष्काळात जन्मलेल्या मंडळीला भुकेल्या माणसाची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. वडीलधाऱ्यांच्या तोंडून 1897 आणि 1900 च्या गोष्टी ऐकलेल्या पिढीला त्या वर्षी त्यांचा अर्थ कळला.

1976 ते 2000 : शताब्दीची वर्षे

कालव्यांच्या पाण्याने तालुक्याचा चेहरा बदलला. माळावर ऊस आला, गुऱ्हाळे पेटली, चौफुल्याची बाजारपेठ वाढली. मुक्तीच्या घरांतही काळाप्रमाणे बदल झाले. मोठ्या निवासांऐवजी छोट्या कुटुंबांसारख्या गटांत मुलींना वाढवण्यावर भर आला. जबाबदारीच्या जागांवर भारतीय भगिनी-बंधू आले.

1989 हे शारदा सदनाचे शताब्दी वर्ष. त्याच वर्षी 26 ऑक्टोबर रोजी भारत सरकारने रमाबाईंचे टपाल तिकीट काढले. ज्ञानाच्या क्षेत्रातही त्यांच्या लेखनाकडे नव्याने लक्ष वेधले गेले. मीरा कोसंबी यांच्या संशोधनामुळे रमाबाईंचे मराठी लेखन, विशेषतः 1889 सालचे ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’, जगभरच्या अभ्यासकांपर्यंत गेले. इंग्लंडच्या चर्चच्या पंचांगात 30 एप्रिल हा त्यांचा स्मरणदिन आहे, तर अमेरिकेतील एपिस्कोपल चर्च तो 5 एप्रिलला पाळते. 1999 साली मंदिराच्या पायाभरणीला शंभर वर्षे झाली.

2001 पासून आजपर्यंत : वर्षाचे उपासनाचक्र

आज मुक्ती मिशनमध्ये निराधार स्त्रिया, मुले, अंध आणि वृद्ध भगिनी यांची सेवा चालते. शाळा आहे, रुग्णसेवा आहे. मंडळीत आवारातील भगिनींबरोबर केडगाव, यवत, पाटस, दौंड परिसरातील कुटुंबेही आहेत. दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन असल्याने तेथे अँग्लो-इंडियन आणि नोकरीनिमित्त आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांची जुनी वस्ती होती. त्यामुळे या पट्ट्यातील मराठी ख्रिस्ती जीवनाला अनेक भाषांचा शेजार लाभला. या परिसरातील ख्रिस्ती घरांचे वर्ष कसे उलगडते, ते येथे नोंदवून ठेवणे आम्हाला अगत्याचे वाटते.

वर्षाचा आरंभ आगमनकाळाने होतो. नोव्हेंबरअखेरीस थंडी पडू लागते, शेतात ज्वारी हिरवीगार असते आणि बीड-नगरकडून आलेल्या ऊसतोड कुटुंबांच्या कोप्या उसाच्या फडांजवळ उभ्या राहतात. घरांवर कागदी चांदण्या लागतात. तरुण संघ पेटी, ढोलकी आणि झांजा घेऊन रात्री घरोघर नाताळची गाणी गातो. प्रत्येक घरी प्रार्थना, मग गरम चहा. स्वयंपाकघरांत करंज्या, चकल्या, शंकरपाळे, अनारसे यांची लगबग सुरू होते. नाताळच्या सकाळी उपासना झाली की फराळाची ताटे रुमालाखाली झाकून शेजाऱ्यांकडे जातात. दिवाळीत जिकडून ताट आले, तिकडे नाताळात जाते. ही देवाणघेवाण गावाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. 31 डिसेंबरच्या रात्री सरत्या वर्षासाठी उपकारस्तुती आणि मध्यरात्री नव्या वर्षाची प्रार्थना होते.

फेब्रुवारी-मार्चात उपवासकाळ लागतो. चाळीस दिवस घराघरांतून सायंप्रार्थना होतात. आज एका वस्तीत, उद्या दुसऱ्या. हा ज्वारीच्या काढणीचा काळ असल्याने दिवसभर रानात राबलेली माणसे हातपाय धुऊन प्रार्थनेला बसतात. कोणी गोड सोडतो, कोणी मांसाहार, कोणी वाचवलेले पैसे गरजूंसाठी बाजूला काढतो. झावळ्यांच्या रविवारी मुले हिरव्या झावळ्या हलवत होसान्ना गातात. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन या वेळात वधस्तंभावरील सात उद्गारांवर मनन होते आणि वाद्ये बंद असतात. पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटे उठून मंडळी कबरस्थानाकडे जाते. झाडून स्वच्छ केलेल्या कबरींवर फुले आणि मेणबत्त्या ठेवल्या जातात आणि उगवत्या सूर्यासमोर विजयाची गाणी गायली जातात. केडगावात या सकाळी रमाबाई आणि मनोरमाबाई यांच्या आठवणीने मन भरून येणे स्वाभाविक आहे. रमाबाईंचा स्मृतिदिन आणि 23 एप्रिलचा जन्मदिनही याच ऋतूत येतो.

मे-जूनमध्ये पन्नासाव्या दिवसाचा, म्हणजे पेन्टेकॉस्टचा सण येतो. पेरणीच्या आधी आभाळाकडे डोळे लागलेले असतात. पावसासाठी प्रार्थना होते, बी-बियाण्यांवर आशीर्वाद मागितला जातो. जूनच्या अखेरीस 1905 च्या जागृतीचे स्मरण येते. पालखीसाठी यवतकडे लोटलेल्या दिंड्यांचा टाळमृदंग याच सुमारास रस्त्याने ऐकू येतो. ज्या मंडळीने आपले गायन भजनाच्या चालीवर वाढवले, तिला तो नाद परका वाटत नाही.

सुगीनंतरचा हंगामाचा सण हा शेतकरी मंडळीचा खास सोहळा. पहिल्या पिकाचे अर्पण देवापुढे मांडायचे. बाजरीची कणसे, ज्वारीची पोती, ऊस, भोपळे, वांगी, अंडी, कोंबड्या, कोणी हाताने विणलेले काही, कोणी शिवलेली गोधडी. नोकरदार रोख रक्कम देतात. उपासनेनंतर अंगणात लिलाव होतो. दोन रुपयांच्या भोपळ्याची बोली दोनशेवर जाते आणि घेणारा तोच भोपळा पुन्हा अर्पण करतो. लहान मुलांनी आणलेल्या एका अंड्यावरही मोठी माणसे चढाओढीने बोलतात. जमलेली रक्कम मंडळीच्या खर्चाला आणि मदतकार्याला जाते. दुष्काळात एका भाकरीसाठी आलेल्यांच्या लेकीनातवंडांनी धान्याची पोती अर्पण करावीत, यापेक्षा मोठी साक्ष कोणती असेल?

सणांच्या अधेमध्ये रविवारची उपासना, शब्बाथ शाळा, महिला मंडळाची सभा, प्रभुभोजन, बाप्तिस्मे, लग्ने आणि अंत्यविधी हा नित्यक्रम आहेच. 2020 साली करोनाने मंदिरांची दारे बंद झाली. ईस्टरची उपासना प्रथमच घरोघरी, मोबाईलच्या पडद्यासमोर झाली. मंडळी पुन्हा एकत्र जमली तेव्हा जमिनीवर खांद्याला खांदा लावून बसण्याचे मोल सर्वांना नव्याने समजले.

ऋणनिर्देश आणि पुढील कार्य

रमाबाई, मनोरमाबाई, सुंदराबाई, मिनी अब्राम्स, लिसा हेस्टी यांची नावे ग्रंथांत आली आहेत. परंतु दोन हजार माणसांची भाकरी भाजणाऱ्या, विहिरीचा रहाट ओढणाऱ्या, खिळे जुळवणाऱ्या, आजाऱ्यांच्या उशाशी बसणाऱ्या आणि चुकलेल्या लेकरांना पोटाशी धरणाऱ्या शेकडो भगिनींची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत. ती आपल्याच घरांतील जुन्या वह्यांत, लग्नाच्या आणि बाप्तिस्म्याच्या नोंदींत, आजीने सांगितलेल्या गोष्टींत आहेत. त्यांच्यानंतर पाळक, वडील, सेवक, शिक्षक, गायक, झाडलोट करणारे आणि घंटा वाजवणारे अशा सर्वांनी ही परंपरा पुढे नेली. या सर्वांचे मंडळी ऋण मानते.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने प्रत्येक कुटुंबाला विनंती आहे. आपल्या घरातील पहिली मुक्तीकन्या कोण, ती कोणत्या गावाहून आणि कोणत्या साली आली, तिने कोणते काम केले, ती कोणती गाणी म्हणत असे, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढावे. जुनी छायाचित्रे, पत्रे, रमाबाईंच्या बायबलच्या प्रती कसरीपासून वाचवाव्यात. तरुणांनी आजी-आजोबांच्या आवाजातील जुन्या चाली ध्वनिमुद्रित कराव्यात, कारण छापील गायनपुस्तकात शब्द राहतात, चाल राहत नाही. हे काम येत्या आगमनकाळापासून हाती घ्यावे. पुढच्या स्मरणिकेत संस्थापकांच्या शेजारी त्या शेकडो भगिनींची नावेही छापली जावीत, एवढीच या मंडळीची देवाजवळ मागणी आहे, आणि ती पुरी करणे आपल्या हाती आहे.